इन्स्टा सोडलं तर माणसं परत मिळतात का?

हल्ली इन्स्टाग्राम बंद करायच्या आधी लोक एक स्टोरी टाकतात, 'काही दिवस इथे नसेन, काम असेल तर कॉल करा'. कॉल कुणाचाच येत नाही. आठवड्याभरात माणूस गुपचूप परत येतो आणि वर सगळ्यांना सांगतो की अरे मला तर काही फरकच नाही पडला. आता यात त्याच्या निश्चयाला नावं ठेवून उपयोग नाही, कारण सोडताना जो हिशोब मनात केलेला असतो तोच मुळात अर्धवट असतो. सोशल मीडिया माझा वेळ खातंय, तो वेळ सुटला की आईबाबांकडे, बायकोकडे, मित्रांकडे जाईल, असा तो हिशोब. वेळ खातंय हे खरंय आणि सुटतो हेही खरंय, पण सुटलेला वेळ माणसांकडे आपला आपण चालत जात नाही. का जात नाही यावर गेल्या काही वर्षांत बरेच चांगले अभ्यास झालेत, ते जरा आपल्या भाषेत सांगते.

आधी हे बघू की आपण सोडतोय ते नक्की काय आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टात एक मोठा खटला उभा राहिला, अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन म्हणत होतं की मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप विकत घेऊन मक्तेदारी केली, मित्र आणि कुटुंबाला जोडणाऱ्या अ‍ॅप्सचं मार्केट यांनी गिळलं. यावर मेटाचा बचाव काय होता माहितीये? की आम्ही आता मित्रांना जोडणारी अ‍ॅप्स राहिलोच नाही! त्यांनी आकडेच दिले, लोक फेसबुकवर घालवतात त्या वेळातला फक्त १७ टक्के वेळ मित्रांच्या पोस्ट बघण्यात जातो, आणि इन्स्टाग्रामवर फक्त ७ टक्के. बाकी सगळा वेळ अनोळखी लोकांचे व्हिडिओ वगैरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी निकाल मेटाच्या बाजूने दिला, आणि निकालात हे आकडे आहेत.

आकडे अमेरिकेतले आहेत, आपल्याकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण हिशोब करून बघा, इन्स्टावर तास घालवला तर त्यातली जेमतेम चार मिनिटं ओळखीच्या माणसांची. उरलेल्या छप्पन्न मिनिटांत कुणीतरी दुबईत पराठे लाटतंय, कुणीतरी शेअर मार्केट शिकवतंय, कुणाचं तरी मांजर पडतंय. आणि आपण म्हणतो 'मी लोकांच्या टचमध्ये राहायला इन्स्टा वापरते'. मला वाटतं या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची माहिती हीच आहे, कारण हे एकदा डोक्यात बसलं की सोडण्याची अर्धी भीती जाते, तुम्ही सोडताय ती मित्रमंडळी नाहीत, तो एक न संपणारा टीव्ही आहे ज्यात मधेमधे मित्र दिसतात.

हे असं झालं कसं, तर एका दिवसात नाही झालं. सुरुवातीला फेसबुकवर तुम्हाला एखाद्याच्या प्रोफाईलवर स्वतः जाऊन बघावं लागायचं की याचं काय चाललंय. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आली आणि सगळ्यांचं सगळं आपल्यासमोर यायला लागलं, तेव्हा लोक चिडले होते बरं का, की आमच्या गोष्टी सगळ्यांना का दाखवता म्हणून. त्याच वर्षी अझा रस्किन नावाच्या डिझायनरने पान कधीच न संपणारं स्क्रोलिंग शोधून काढलं, आणि नंतर त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलं की याचा पश्चात्ताप होतो. २००९ मध्ये लाईकचं बटण आलं. २०१६ मध्ये इन्स्टाने पोस्ट वेळेनुसार दाखवणं बंद करून 'तुम्हाला काय आवडेल' त्यानुसार दाखवायला सुरुवात केली. मग २९ जून २०२० ला आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत रील्स हजर. प्रत्येक पायरीवर ओळखीचा माणूस थोडा मागे सरकला आणि अनोळखी करमणूक पुढे आली, कारण सरळ आहे, तुमच्या चुलत भावाच्या आयुष्यात रोज तासभर बघण्यासारखं काही घडत नाही.

आणि हातातून फोन का सोडवत नाही त्याचं उत्तर त्याहून जुनं आहे. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, चोच मारली की दाणा मिळायचा. दर वेळी ठरल्यासारखा दाणा मिळाला तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं, पण कधी मिळतो कधी नाही, केव्हा मिळेल सांगता येत नाही अशी सवय लावली की ते चोच मारतच राहतं. फीडमध्ये नऊ रील बेकार आणि दहावी भारी, आणि ती दहावी कधी येईल माहीत नाही. तुमच्यात शिस्त नाही वगैरे मनाला लावून घेऊ नका, समोरची वस्तूच तशी बनवली आहे.

बरं, सोडल्यावर काय होतं? यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास २०१८ चा, अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीच्या आधीच्या चार आठवड्यांतला. हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेन्ट्झको आणि त्यांचे सहकारी, सगळे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी सुमारे २,७०० फेसबुक वापरणारे गोळा केले, त्यातले जे साधारण १०० डॉलरच्या बदल्यात चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला तयार होते त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही निवडले आणि त्यांना बंद करायला लावलं, उरलेल्यांचं चालू. २०२० मध्ये हे छापून आलं. बंद केलेल्यांचे दिवसाला सरासरी ६० मिनिटं सुटली. गंमत म्हणजे ती मिनिटं दुसऱ्या अ‍ॅपवर गेली नाहीत, इतर सोशल मीडियाही थोडा कमीच झाला. काही वेळ मित्र आणि घरच्यांसोबत गेला हे खरं, पण काही वेळ एकट्याने टीव्ही बघण्यातही गेला! मूड सुधारला, पण थोडासा. मानसोपचाराच्या सेल्फ-हेल्पसारख्या उपायांनी जेवढा फरक पडतो त्याच्या २५ ते ४० टक्के एवढा. बातम्यांची माहिती कमी झाली आणि राजकारणावरून डोकं तापणंही कमी झालं, हे दोन्ही एकत्रच आलं. चार आठवडे संपल्यावर बहुतेक जण परत आले, पण आधीपेक्षा कमी वापरायला लागले.

म्हणजे आयुष्य बदलून गेलं असंही नाही आणि काहीच झालं नाही असंही नाही. यूट्यूबवर 'मी इन्स्टा सोडलं आणि माझं आयुष्य बदललं' सांगणाऱ्यांपेक्षा मला हा कंटाळवाणा निकाल जास्त खरा वाटतो. आणि पूर्ण सोडलंच पाहिजे असंही नाही, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग २०१८ मध्येच छापून आला, त्यातल्या एका गटाला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटंच वापरायला सांगितलं, तीन आठवडे. त्यांचा एकटेपणा आणि उदासपणा कमी झाला. आणि ज्यांना कसलंच बंधन नव्हतं, फक्त आपण किती वापरतो त्याची नोंद होत होती, त्यांचीसुद्धा 'आपलं काहीतरी सुटतंय' ही धाकधूक कमी झाली, नुसतं स्वतःवर लक्ष ठेवल्याने.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ, नात्यांचं काय? नात्याला वेळ लागतो हे सगळेच म्हणतात, पण किती लागतो हे कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मोजायचा प्रयत्न केला, नव्या गावात राहायला आलेले लोक आणि कॉलेजात नव्याने आलेली मुलं यांना विचारून. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, 'माझा मित्र' म्हणावं इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे धरले जात नाहीत, गप्पा मारत, खात, हिंडत घालवलेले तास धरले जातात. हॉस्टेलवर २०० तास दीड-दोन महिन्यांत होतात, रात्री मेस बंद झाल्यावर मॅगी शिजवत बसलेले तासच तेवढे असतात. पण पस्तिशीत आठवड्याला दोन तास भेटायचं म्हटलं तर २०० तासांना जवळपास दोन वर्षं, आणि आठवड्याला दोन तास भेटतंय कोण, आपण तर वर्षातून दोनदा कुणाच्या तरी लग्नात भेटतो आणि 'अरे भेटू ना एकदा निवांत' म्हणून पांगतो.

याला जोडून रॉबिन डनबर यांचं काम आहे. ते ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ, माणसाला साधारण १५० नाती सांभाळता येतात असं म्हणणारे. तो १५० चा आकडा खूप गाजलाय पण त्याच्या आतले थर जास्त महत्त्वाचे आहेत, अगदी जवळचे ५, मग ते धरून १५, मग ५०, मग १५०. आणि आपण माणसांना जो एकूण वेळ देतो त्यातला साधारण ४० टक्के त्या पाच जणांना आणि आणखी २० टक्के पुढच्या दहांना जातो. म्हणजे फीडवर हजार लोक असोत की शंभर, खरं गणित पंधरा जणांचं आहे. तुमचे पंधरा कोण हे कागदावर लिहून बघा, मी लिहिले तेव्हा बाराव्या-तेराव्या नावाला अडखळायला झालं.

डनबर आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा संपवून पुढे गेलेल्या ३० मुलामुलींच्या नात्यांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं होतं. घरच्यांशी असलेली जवळीक संपर्क कमी झाला तरी बऱ्यापैकी टिकली, मैत्री मात्र भराभर पातळ झाली. आणि टिकली कशाने तर मुलींची बोलण्याने, फोनवर किंवा समोरासमोर, आणि मुलांची मात्र बोलण्याने नाही, सोबत काहीतरी करण्याने, खेळणं, फिरणं, पार्टी. आमच्याकडे नवरा आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र फोनवर बोलतात तेव्हा 'काय म्हणतोस', 'काही नाही', 'ये ना मग', 'बघतो' यात कॉल मिनिटाच्या आत संपतो, पण हेच दोघं राजगडावर गेले की रात्रभर बडबडतात. त्यामुळे सोशल मीडिया सोडून 'आता सगळ्यांना रोज फोन करीन' असा संकल्प पुरुषांनी करूच नये असं माझं मत आहे, त्यांनी रविवारच्या सकाळचं क्रिकेट लावावं.

आता जो मुद्दा बहुतेक लेखांत येतच नाही तो. एकट्याने सोडणं अवघड का जातं?

२०२३ मध्ये लिओनार्डो बुर्सटिन आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या हजारावर कॉलेजच्या मुलांना विचारलं, चार आठवडे अकाउंट बंद करायला किती पैसे घेशील? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर, इन्स्टासाठी ४७. ठीक, म्हणजे मुलांना ते हवंय. मग दुसरा प्रश्न विचारला, तुझ्यासकट तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद झालं तर? तर मुलं उलट स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाली, टिकटॉकसाठी सरासरी २८ डॉलर, इन्स्टासाठी १०. म्हणजे सगळे तिथे आहेत म्हणून मी आहे, मी एकटाच बाहेर पडलो तर तोटा, सगळेच बाहेर पडले तर सुटलो बुवा. हे अगदी लग्नातल्या आहेरासारखं आहे, देणाऱ्यालाही नको असतो आणि घेणाऱ्याच्या कपाटातही जागा नसते, पण आपण एकट्यानेच नाही दिला तर चार लोक बोलतील म्हणून प्रत्येक जण देतो, आणि ते थांबतं तेव्हाच जेव्हा पत्रिकेवरच छापून येतं की कृपया आहेर आणू नये.

आणि ही 'पत्रिकेवर छापण्याची' गोष्ट आपल्याकडे एका गावाने करून दाखवली आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, साधारण तीन हजार वस्तीचं. कोविडमध्ये ऑनलाईन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाईल आले, शाळा परत सुरू झाल्या पण मोबाईल काही हातातून गेले नाहीत, मोठी माणसंही टीव्ही-मोबाईलमध्येच. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगायचे. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं.

ही बातमी तेव्हा देशभर गाजली आणि बऱ्याच लोकांनी त्यात 'संस्कार' वगैरे बघितलं, पण मला त्यातली अक्कल वेगळी वाटते. सात ते साडेआठ तुम्ही ऑनलाईन नसलात तर तुमचं काहीच सुटत नाही, कारण शेजारचाही नाही, त्याच्या शेजारचाही नाही, आणि शिवाय ज्याच्याशी बोलायचं तो त्याच वेळी मोकळा आहे! वेळ नुसता सुटला नाही, सगळ्यांचा एकाच वेळी सुटला. इथेच शहरातला एकटा डिटॉक्सवाला फसतो, त्याचा वेळ रात्री नऊला सुटतो आणि मित्राचा अकराला, मग तो टीव्ही लावणार नाही तर काय करणार.

म्हणून माझं सांगणं एवढंच की एकट्याने सोडू नका, टोळीने सोडा. गावाचा भोंगा आपल्याकडे नाही, पण घरातली चार माणसं आहेत, तीन मैत्रिणी आहेत. 'बुधवार रात्री आठ ते दहा आपण चौघी ऑफलाईन आणि एकीच्या घरी' हे 'मी आजपासून इन्स्टा सोडलं' यापेक्षा जास्त टिकतं. मुलांच्या बाबतीत तर हे आणखी लागू, एकट्या तुमच्या मुलीचा फोन काढून घेतला तर ती वर्गात एकटी पडते, तिच्या पाच मैत्रिणींच्या आयांनी मिळून ठरवलं तर पाचही जणी खाली खेळायला येतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय, हा प्रश्न येणारच. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप सोडणं म्हणजे सोसायटीचं पाणी कधी येणार हेही न कळणं, तेव्हा ते डोक्यातून काढून टाका. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक म्हणजे माणूस माणसाशी बोलतो ते, आणि दुसरं ग्रुप, स्टेटस आणि चॅनेल, जे फीडचंच धाकटं भावंड आहे. ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका, नवा मेसेज आला तरी तिथेच राहतात. आणि सकाळी आईला गुलाबाचं फूल फॉरवर्ड करण्याऐवजी व्हॉइस नोट पाठवा, आज डब्याला काय केलं एवढं सांगितलं तरी चालतं. ज्यांची मुलं न्यू जर्सीत नाहीतर दुबईत आहेत त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल म्हणजेच घरची संध्याकाळ आहे, त्यांना कुणी 'स्क्रीन टाइम कमी करा' शिकवू नये. तसंच ज्या बायका इन्स्टावर मसाले, साड्या विकतात त्यांचं ते दुकान आहे. आणि ज्यांना आपल्यासारखी माणसं आजूबाजूला भेटतच नाहीत, एखादा दुर्मिळ आजार असलेले, घरी मन मोकळं करता न येणारे, त्यांची खरी नाती ऑनलाईनच असू शकतात, त्यांनी सोडणं म्हणजे आहे तेही घालवणं.

सोडल्याचा खरा तोटा मात्र एक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची वगैरे माहिती जिवलगांकडून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबच्या ओळखी सांभाळायला सोशल मीडिया खरंच चांगला आहे. आणि आपल्याकडे तर कुणी गेल्याची बातमीही आता फेसबुकवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'तून कळते, अकाउंट नसेल तर दहावा होऊन गेल्यावर कळतं आणि मग तोंड दाखवायची पंचाईत. यावर उपाय आहे, प्रत्येक खानदानात एक मावशी किंवा काका असतो ज्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, त्यांना पंधरा दिवसांतून एक फोन. बातम्याही मिळतात आणि तो फोन स्वतःच नात्याच्या खात्यात जमा होतो.

शेवटी बटणांचं. डिअ‍ॅक्टिव्हेट म्हणजे अकाउंट झाकून ठेवणं, परत लॉगिन केलं की सगळं जसंच्या तसं, आणि फेसबुक डिअ‍ॅक्टिव्हेट केलं तरी मेसेंजर चालू ठेवता येतं. डिलीट म्हणजे कायमचं, पण फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीकडे ३० दिवस थांबतात आणि त्यात एकदा जरी लॉगिन करून 'राहू दे' म्हटलं की डिलीट रद्द. बहुतेकांनी आधी डिअ‍ॅक्टिव्हेटच करावं. डिलीट करणार असाल तर आधी आपला डेटा डाउनलोड करून घ्या, फोटो त्यातच असतात. ज्यांच्याशी फक्त तिथेच बोलणं होतं त्यांचे नंबर मागून घ्या, पंधरा जणांचे वाढदिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि कुठल्या अ‍ॅपमध्ये फेसबुकने लॉगिन केलंय ते तपासून तिथे ईमेल किंवा नंबर जोडा, नाहीतर फेसबुक गेल्यावर ते अ‍ॅपही उघडणार नाही. एवढं झालं की फोनमधून अ‍ॅप काढा आणि बाकी सगळं कॉम्प्युटरच्या ब्राउजरवरून करा, कारण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कॉम्प्युटर उघडून पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो.